डाव्या पायावर आलेला आळ

माझ्या बाबांच्या डाव्या पायावर लोकांनी आयुष्यभर काय काय खापर फोडलं, पण त्या पायाने ब्रेक दाबला, असा आळ त्याच्यावर एकदाच आला. नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये, एसीच्या गारव्यात, काचेच्या टेबलापलीकडे बसलेल्या टायवाल्या माणसाने तो घेतला. बाबांना लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय मांडीपासून खाली वाळलेला, लोखंडी पट्ट्यांच्या बुटात अडकवलेला. त्या पायाने बाबांनी कधी चप्पल सरकवली नाही की पायावरची माशी हाकलली नाही. आणि हा माणूस आम्हाला समजावून सांगत होता, ‘‘ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो ना सर, मग लोक रिकामा डावा पाय ब्रेकवर ठेवून देतात. इकडून ब्रेक, तिकडून ॲक्सिलेटर. गिअरबॉक्स जळणारच. ही चालवणाऱ्याची चूक आहे.’’ बाबांनी फक्त पॅन्ट जरा वर ओढली, पट्ट्या दिसतील एवढी. त्या माणसाने पाहिलं आणि मग बाबांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘मग तर यांनी गाडी चालवायलाच नको.’’

बाबांना काही विचारायचं असलं की लोक शेजारच्या माणसाला विचारतात, हे मी कळायला लागल्यापासून पाहत आले आहे. हॉटेलातला पोऱ्या आईला विचारायचा, साहेबांना चहात साखर चालते का? शिंपी बाबांच्या कमरेला टेप लावायचा आणि पायाचा घेर किती ठेवायचा ते मला विचारायचा. एक पाय लुळा पडला म्हणजे माणसाचे कान आणि तोंडही गेलं, असं या लोकांना कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे. आता माझे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पण तो ‘यांनी’ आठवला की अजूनही माझ्या कानशिलांपाशी गरम होतं. मी तेव्हा वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते आणि माझं तोंड आधीच घरात बदनाम होतं. तिथेही मी ते उघडलंच. पण बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘चाल प्रज्ञा. गाडी टेम्पोत टाकून घरी नेऊ.’’

ती गाडी आमच्या घरी कशी आली ते सांगायला हवं. बाबा अल्लीपूरच्या हायस्कुलात गणित शिकवायचे आणि आम्ही राहायचो वर्ध्यात, कारण आई सावंगीच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. बाबा वर्षानुवर्षं एसटीने जात-येत. एसटीच्या पायऱ्या कोणासाठी केलेल्या असतात ते मला माहीत नाही. बाबांसाठी नक्कीच नव्हत्या. दोन्ही हातांनी दांडा धरून ते स्वतःला वर ओढून घ्यायचे आणि मागून कंडक्टर ओरडायचा, ‘‘अरे, धरा त्याईले, धरा!’’ धरू नका म्हटलं तरी लोक धरायचे, काखेत हात घालून, पोत्याला घालतात तसा. मग सावंगीचे एक डॉक्टर नोकरी सोडून आपल्या गावी निघाले आणि त्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी विकायला निघाली. क्लच नाही, गिअर बदलायचा नाही, उजवा पाय पुरे. आईने बातमी आणली आणि बाबांनी त्या दिवशी भाकरीसुद्धा अर्धी टाकली. गाडी दारात आल्यावर बाबा कोथिंबीर आणायलासुद्धा गाडी काढायचे. रविवारी सकाळी तर्री-पोहे खायला आम्हाला बळेच घेऊन जायचे, आणि आम्ही ठेल्यावर खात असताना स्वतः आत बसून, खिडकीतून हात बाहेर काढून प्लेट घ्यायचे, ऐटीत. मोठ्या माणसाने इतकं मिरवावं का, असं आई म्हणायची, पण तीही मागच्या सीटवर पदर नीट करून बसायची.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गाडीचं बिनसलं. अल्लीपूरहून येताना बाबांनी ॲक्सिलेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मात्र बैलासारखी जागीच अडून बसायची. थोड्या वेळाने आपल्या मर्जीने पुढे सरकायची. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना तर मधेच सगळं सुटल्यासारखं व्हायचं. गाडीत जळकट वास यायला लागला. मग नागपूर, मग तो टायवाला. त्याच्या मते अख्खा गिअरबॉक्स नवा घालायचा, तोही गाडीच्या किमतीपेक्षा महाग, नाहीतर गाडी भंगारात काढायची. तिसरा रस्ता त्याच्याकडे नव्हता, कारण उघडून पाहणं हे त्याच्या धंद्यातच बसत नव्हतं. न उघडता त्याला कळलं होतं की चूक बाबांची आहे.

घरी मोठेबाबा वाटच पाहत होते. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ; कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये फिटर होते, निवृत्त झाले होते आणि दोन गल्ल्या सोडून राहायचे. बाबांना लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत नेणारे हेच. त्यामुळे बाबांच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. ‘‘मी तुले तवाच सांगतलं होतं, विलास,’’ ते म्हणाले, ‘‘ह्या गाड्या आपल्या कामाच्या नाईत. इक तिले. अन् मी शिक्षणाधिकारी साहेबाशी बोललो हाय. इथंच वर्ध्याले ऑफिसात बसाची सोय होते. सोयीची बदली म्हंतेत तिले. शाळा सुरू व्हाच्या आधी अर्ज देऊन टाक. दिवसभर पंख्याखाली बस, जाची-याची कटकट नाई.’’

‘‘शिकवायचं नाही?’’ मी विचारलं.

‘‘कायले पाह्यजे शिकवनं? पगार तोच हाय न!’’

बाबा खुर्चीवर बसून बुटाचे पट्टे सोडत होते. वर न बघता म्हणाले, ‘‘दादा, मले गणित शिकवता येते. फायली लावता येत नाई.’’ मोठेबाबा हसले, लहान मुलाच्या हट्टाला हसतात तसे, आणि आईकडे वळून म्हणाले, ‘‘तुमी सांगा त्याले जरा.’’ पाहा, भावालासुद्धा ती सवय लागलेली. मी पाय आपटत आत गेले. माझ्या मते त्या दिवशी आईनेही दोन शब्द सुनवायला हवे होते. ती नुसती चहा गाळत राहिली.

पण आई गप्प असली म्हणजे ती काही तरी तपासत असते, हे मला तेव्हाही ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर तिने साडीचा पदर खोचला आणि बॉनेट उघडायला लावलं. गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून काढली, नाकाशी धरली. तेल लाल असायला पाहिजे ते काळपट झालेलं, करपलेल्या फोडणीसारखा वास. एवढं तर नागपूरवाल्यानेही पाहिलं असेल. आईने त्याचे थेंब पांढऱ्या गाळण-कागदावर टाकले आणि तो कागद खिडकीत सुकत ठेवला. सकाळी भिंग लावून ती त्या डागाकडे बराच वेळ बघत होती. मग तिने मला हाक मारली. ‘‘काळं आहे ते प्लेटांचं जळालेलं. ते मले समजते. पण हे पाह्य. हे धागे कायचे आहेत?’’

धागे बारीक होते, पांढरट, पीळ पडलेले. आमच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला ते ओळखायला भिंग लागत नाही. हवेत तरंगतात, केसांत अडकतात, हंगामात पापडांवर येऊन बसतात. ती रुई होती, सरकी काढलेला कापूस.

आम्ही गाडी विटांवर चढवली. गिअरबॉक्सच्या खालचं तबक बोल्ट काढून खाली घेतलं आणि आत जी जाळी असते, तेल गाळून पंपाकडे पाठवणारी, ती बाबांनी हातात घेतली. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर रुईचा थर बसला होता, दाबलेला, तेलाने काळा झालेला, उशीच्या आतल्या जुन्या कापसासारखा. आता सगळं सरळ होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाच्या दाबावर चालतो; पायाने दाबायचा क्लच नसला तरी आत छोटे क्लच असतात, दाब असला तर त्यांच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात, दाब कमी पडला तर घसरतात, आणि घसरल्या की जळतात. जाळी बुजली होती, पंपाला तेल मिळत नव्हतं. बाबांच्या पायाचा यात काडीचा संबंध नव्हता. ना डाव्या, ना उजव्या.

मग रुई आत गेली कशी? हे विचारायची गरजच पडली नाही, कारण मोठेबाबा तेवढ्यात आले आणि आपण होऊन म्हणाले, ‘‘हे तबक मी त्या वर्षी चकचकीत करून देल्लं होतं.’’ गाडी घेतल्यावर तेल बदलून देण्याचं काम त्यांनीच हौसेने केलं होतं. तबक रॉकेलने धुतलं, आणि आतून-बाहेरून मूठभर रुईने पुसलं. जाळीसुद्धा. जिनिंगमध्ये आयुष्य गेलेला माणूस दुसऱ्या कशाने पुसणार? आमच्याकडे हात पुसायला रुई, मशीन पुसायला रुई, सायकलची चेन पुसायला रुई. त्यांच्या मशिनींनी ती पचवलीही असेल. ही मशीन पचवणारी नव्हती.

मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. वयाचा मान ठेवला नाही एवढं नक्की, आणि त्याबद्दल मला आजही फारसं वाईट वाटत नाही. ज्या माणसाने गाडी बिघडवली तोच गाडी विका म्हणत होता, तोच बदलीचा अर्ज लिहायला बसवत होता, आणि गावभर सांगत होता की विलासला झेपलं नाही! मोठेबाबांचा चेहरा कोरा झाला. ‘‘रुईनं काय होते?’’ एवढंच ते म्हणाले. ‘‘रुई त साफ असते.’’ आणि निघून गेले. बाबा माझ्यावर चिडले. ‘‘तो माझा भाऊ हाय,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, ‘‘मग त्यांना सांगा ना तसं, मला पोतं समजणं बंद करा म्हणून!’’

संध्याकाळी बाबा पोर्चमध्ये गाडीशेजारी सतरंजी टाकून बसले होते. म्हणाले, ‘‘गिअरबॉक्स उघडू आपण. शाळा सुरू व्हाच्या आत बसवू. जमलं त जमलं, नाईतर देतो अर्ज.’’ मी सायबर कॅफेतून गिअरबॉक्सचे सुटे भाग दाखवणाऱ्या आकृत्या छापून आणल्या. दिल्लीच्या एका दुकानात फोन लावला. प्लेटा, सील, रिंगा, जाळी असं सगळं विचारलं, तर पलीकडचा माणूस म्हणतो, ‘‘मॅडम, मेकॅनिक को फोन दीजिए.’’ मी म्हटलं, ‘‘मैंच हूं मेकॅनिक, बोलो.’’ तो हसला. सामान मात्र बरोबर पाठवलं, तेवढं खरं.

वैशाखात वर्ध्याच्या पोर्चमध्ये लोखंडाला हात लावून दाखवा कोणी. नट-बोल्टचे पाने चटके द्यायचे म्हणून आम्ही ते पाण्याच्या बादलीत टाकून, पुसून घ्यायचो. गिअरबॉक्स खाली घ्यायचा म्हणजे इंजिन वरून टांगून धरायला हवं, आणि ते कशाला टांगायचं यावर मी आणि बाबा डोकं खाजवत असतानाच फाटक वाजलं. हातगाडीवर चेन-कप्पी घेऊन मोठेबाबा आले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. शिडी लावली, छताच्या गर्डरला कप्पी अडकवली, साखळी ओढून पाहिली आणि बाबांना म्हणाले, ‘‘खालून तू सांग, वरून मी वढतो.’’ माफी वगैरे काही नाही. ती आमच्या घराण्यात कोणी मागत नाही, चेन-कप्पी आणतात. गिअरबॉक्स खाली उतरला तो बाबांच्या हातांवर. कुबड्यांवर आणि एसटीच्या दांड्यावर आयुष्य काढलेल्या त्या खांद्यांत किती बळ होतं, ते त्या टायवाल्याने यायला हवं होतं पाहायला.

पुढचं राज्य आईचं. तिने जाहीर केलं की पोर्चमध्ये कापूस येणार नाही. पुसायला तिच्या जुन्या नायलॉनच्या साडीचे तुकडे. सुती बनियन घालून कोणी बसायचं नाही. मोठेबाबांना तिने फाटकातच थांबवून बाबांचा टेरिलिनचा शर्ट घालायला लावला आणि तो त्यांना पोटावर बसेना. कापसाच्या जिल्ह्यात कापसाला बंदी! घरातल्या सगळ्या पराती पोर्चमध्ये गेल्या. एकेका परातीत एकेका भागाचे तुकडे, उघडले त्याच क्रमाने मांडलेले, वर प्लास्टिक. आई कणीक गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, भिजवायची आणि पुटपुटायची, मग कंटाळून तिने पोळ्याच बंद केल्या आणि आम्ही दोन्ही वेळा बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात खायला लागलो. गिअर बदलणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या पोलादी गोळ्या असतात. त्यातली एक सुटून पोर्चभर उड्या मारत गेली आणि मोरीच्या जाळीशी थांबली. आम्ही चौघं गुडघ्यांवर, म्हणजे तिघं गुडघ्यांवर आणि बाबा बसल्या जागेवरून सरपटत, ती शोधत होतो, आणि शेजारच्या काकू भिंतीवरून विचारत होत्या, ‘‘काऊन गं, काय हरपलं?’’

जळालेल्या प्लेटा हातात घेतल्या तर त्यांच्यावरचा खरबरीत थर राखेसारखा निघत होता. नव्या प्लेटा तेलात भिजत घातल्या, साबुदाण्यासारख्या, मुरेपर्यंत. बाबांनी क्लचचा ड्रम मांडीवर घेऊन एक पोलादी प्लेट, एक खरबरीत प्लेट अशा बसवल्या, नवे सील घातले. बंद करण्याआधी हवा मारून पाहायचं होतं. तेलाच्या भोकातून हवा सोडली की आतला क्लच ‘ठप्’ असा बसल्याचा आवाज आला पाहिजे. मोठेबाबा पंक्चरवाल्याकडून हवेची टाकी घेऊन आले. पहिला क्लच बसला. दुसरा बसला. तिसऱ्याने नुसतं ‘फुस्स’ केलं. मोठेबाबा म्हणाले, ‘‘चालते तेवढं. तेल गरम झालं का बसते ते आपोआप.’’ आणि बाबा, जे मोठ्या भावासमोर कधी आवाज चढवत नसत, म्हणाले, ‘‘नाई चालत, दादा.’’ सगळं पुन्हा उघडलं. सीलची ओठासारखी कड बसवताना दुमडली होती. बाबांनी ती काढली, तेल लावून बोटाने फिरवत फिरवत नवी बसवली. मोठेबाबांनी पुन्हा हवा मारली. ‘ठप्.’ मोठेबाबांनी हवेची नळी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच, माझ्याकडे नाही, आईकडे नाही, बाबांकडेच बघून विचारलं, ‘‘आता पुढं काय करू?’’

गाडी सुरू झाली तेव्हा आमच्यातलं कोणी नाचलं वगैरे नाही. बाबांनी गिअरची दांडी पुढे-मागे केली. गाडी लगेच, हलकेच, ओढ घेत होती. गल्लीत एक फेरी झाली. मी मात्र ती जुनी जाळी, रुईसकट, पिशवीत घालून नागपूरला त्या काचेच्या टेबलावर नेऊन आपटणार होते. बाबांनी जाऊ दिलं नाही. ‘‘त्याले दाखवून काय होईन?’’ म्हणाले. मला अजून वाटतं की काही तरी झालं असतं. निदान पुढच्या कोणाला ‘यांनी’ म्हणण्याआधी त्याने एकदा जाळी उघडून पाहिली असती. अशी माणसं कोणी तरी आपटल्याशिवाय शिकत नाहीत.

शाळा उघडली त्या सकाळी घरात आधीच ठरून गेलं होतं की पहिले काही दिवस मी बाबांबरोबर जायचं. गाडी नवी बांधलेली, वाटेत काही झालं तर? कॉलेज बुडालं तरी चालेल. हे ठरवलं आईने, मोठेबाबांनी आणि मी. बाबा आंघोळीला गेले होते. मी पाने आणि तेलाचा डबा डिकीत टाकला, पुढे जाऊन बसले. गाव मागे पडलं. दोन्हीकडे सरकी टोबून पेरलेली काळी रानं. मी कान टवकारून बसले होते. पहिला, दुसरा, तिसरा, प्रत्येक बदलाला माझा पाय आपोआप आवळला जात होता. ‘‘जरा हळू घ्या,’’ मी म्हटलं. मग म्हटलं, ‘‘तापमान बघताय ना?’’ मग पुन्हा काही तरी म्हटलं. एका फाट्यावर एसटीच्या थांब्यापाशी बाबांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

‘‘उतर,’’ ते म्हणाले.

मला वाटलं, काही आवाज आला. ‘‘काय झालं? तेल गळतंय?’’

‘‘काई नाई झालं. उतर तू. इथून वर्ध्याची बस भेटते. कॉलेजात जा.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी शाळेत जातो,’’ बाबा म्हणाले.

मी किती तापले ते काय सांगू. उन्हाळाभर हात भाजले, मोठेबाबांशी भांडले, दिल्लीवाल्याचं हसणं ऐकून घेतलं, गोळाभात खाऊन तोंडाची चव गेली, आणि हा माणूस मला रस्त्यात उतरवतो! मी दार आपटलं. पाने तरी राहू द्या म्हणून सांगायला वाकले, तर त्यांनी काच वर केली होती. गाडी निघाली. मी तिथेच उभी राहून ऐकत होते. पहिल्या गिअरचा आवाज चढला आणि उतरला, दुसऱ्याचा चढला आणि उतरला, तिसरा कुठेही न घसरता लागला, आणि गाडी वळणाआड गेली. मग मी रस्ता ओलांडला आणि वर्ध्याच्या बसची वाट पाहत उभी राहिले, रागाने नुसती फणफणत. बाबांना आता कोणाची गरज नव्हती, माझीसुद्धा नाही. आणि एवढ्याचसाठी तर आम्ही तो गिअरबॉक्स उघडला होता.